फळीच्या दुसऱ्या टोकाला

(जुनं चित्रण. जर्मनी, नोव्हेंबर २००६.)

हे लेओपोल्ड्सहाफेन गाव. रस्त्यावर ही गर्दी, आणि दोन्हीकडच्या घरांमधून सरकत चाललेली २०० टनांची पोलादी टाकी. आता वळचणीला घासणार, असं प्रत्येक घराशी वाटतं. टाकी तयार झाली डेगेनडॉर्फला, इथून जेमतेम ४०० किलोमीटरवर. पण १० मीटर व्यासाचं हे धूड रस्त्याने आणणं शक्यच नव्हतं. मग डॅन्यूब नदीतून काळा समुद्र, तिथून भूमध्य समुद्र, अटलांटिकचा वळसा आणि शेवटी ऱ्हाइन नदी. जवळजवळ ९,००० किलोमीटर!

कशासाठी? न्यूट्रिनो नावाच्या, कशातही न अडकणाऱ्या अतिसूक्ष्म कणाचं वस्तुमान मोजायला.

(टाकीचा आतला भाग.)

ट्रिटियमच्या, म्हणजे जड किरणोत्सारी हायड्रोजनच्या, अणूतून इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो एकदमच सुटतात. न्यूट्रिनो हाती लागत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनची ऊर्जा इथे काटेकोर तपासतात. २०२५ साली या टाकीच्या 'कॅट्रिन' प्रयोगाने सांगितलं : न्यूट्रिनोचं वस्तुमान ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं हे एकक) जास्त नाही. इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. शून्य मात्र नाही, हे जपानच्या सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो-शोधकाने १९९८ मध्येच दाखवलं होतं.

(बागेतला सी-सॉ. मग फळा.)

इतकं हलकं का? फळीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी फार जड, म्हणजे एक जड न्यूट्रिनो, बसला असेल म्हणून. तो जितका जड, तितका आपला हलका. १९७७ ते १९८० या काळात मिन्कोव्स्की, यानागिदा, ओडिशाचे रवींद्रनाथ महापात्र अशा अनेकांनी हे गणित मांडलं. तो जड न्यूट्रिनो कुणी पाहिलेला नाही. पण तो वाटेल तेवढा जड असू शकत नाही. जड टोक वाढवत गेलो, तर हलकं टोक शून्याला जाऊ नये म्हणून, कणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्जशी त्याचं नातं इतकं घट्ट धरावं लागतं, की एखादी घटना घडण्याची शक्यता शंभर टक्क्यांच्या वर जाते. म्हणून वरची हद्द : प्रोटॉनच्या वस्तुमानापुढे १५-१६ शून्यं, बस्स.

खालची हद्द २००२ मध्ये साशा डेव्हिडसन आणि अलेहांद्रो इबारा यांनी काढली. विश्वात प्रतिद्रव्य (द्रव्याचं उलट्या विद्युतभाराचं जुळं) संपलं आणि द्रव्य उरलं, ते या जड न्यूट्रिनोंच्या विघटनामुळे असेल, तर साध्या मांडणीत सर्वांत हलका जड न्यूट्रिनोही प्रोटॉनच्या साधारण १०० कोटी पट हवा.

या हद्दी आखायला टाकी लागली नाही, गाव थांबलं नाही. आमच्या लेखी हे फळ्यावरचं काम त्या टाकीइतकंच मोठं आहे.

(जिनिव्हा. कण एकमेकांवर आदळवणाऱ्या 'एलएचसी' यंत्राच्या भुयारातलं चित्रण.)

इथली दोन प्रोटॉनची सर्वांत मोठी टक्कर १३,६०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टची. या मापात एका प्रोटॉनचं वस्तुमान साधारण एक. खालची हद्दसुद्धा तिच्या सत्तर हजार पट पुढे आहे.