मोलिना: गोलपोस्टमध्ये न थांबणारा गोलकीपर

नमस्कार मंडळी. 'स्पॅनिश गोलकीपर' म्हटल्यावर तुमच्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात कासियास आला असणार, आणि तो यायलाच पाहिजे, वर्ल्डकप उचललेला कॅप्टन आहे. पण त्याच्यावर बोलणारे ढीगभर आहेत. मी आज होसे फ्रान्सिस्को मोलिनावर बोलणार आहे. हां, बरोबर, तोच, मोहन बागानचा कोच होता तो. आपल्याकडं आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, बघणाऱ्या पोरांना तो टचलाइनवर हातवारे करणारा कोच म्हणून माहितीये, पण हा माणूस स्पेनचा कीपर होता हे सांगितलं की पोरं लगेच मोबाइल काढून चेक करतात.

जन्म 1970, व्हॅलेन्सिया शहरातला. सुरुवातीची वर्षं तशी धडपडीतच गेली. व्हॅलेन्सिया क्लबात वाढला पण तिथं पक्की जागा मिळेना, मग व्हियारियलला लोनवर, तेव्हाचं व्हियारियल म्हणजे खालच्या डिव्हिजनचा क्लब, आत्ताचं नव्हे, आणि तिथून अल्बासेते. 1995 मध्ये त्याला अ‍ॅटलेटिको माद्रिदनं घेतलं. त्याच्याबरोबर अल्बासेतेचाच डिफेंडर सान्ती पण आला.

इथं जरा थांबतो, कारण खरी गंमत इथं आहे. अ‍ॅटलेटिकोचा नवीन कोच होता रादोमिर आंतिच. त्याला डिफेन्स वर, हाफलाइनच्या जवळ हवा होता, म्हणजे समोरच्या टीमला खेळायला जागाच उरू नये. आता बॅक लोक एवढे पुढं गेले की मागं केवढं मैदान मोकळं राहतं बघा, आणि तिकडं कुणी लाँग बॉल टाकला तर धावायचं कुणी? कीपरनं. 1992 मध्ये बॅकपासचा नियम बदलला होता, आपल्या माणसानं पायानं दिलेला बॉल कीपरला हातात घेता येईना, त्यामुळं पायात बॉल असला की घाबरणारे कीपर अचानक अवघड झाले. मोलिना घाबरणाऱ्यातला नव्हता. डी, म्हणजे गोलसमोरचा पेनल्टी बॉक्स, सोडून बाहेर यायचा, कधी क्लिअर करायचा, कधी शांतपणे पास द्यायचा. आज हे सगळेच करतात. तेव्हा कीपर डीच्या बाहेर दिसला की लोकांच्या पोटात गोळा यायचा.

मग काय झालं, तर अ‍ॅटलेटिकोनं त्या एका सीझनमध्ये लीग आणि कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा नॉकआउट कप, दोन्ही मारले. टीम पण जबरदस्त, सिमिओने (हो, आत्ताचा कोच सिमिओने), कामिनेरो, पान्तिच, कीको. एप्रिल 1996 मध्ये सारागोसाला कोपाची फायनल, बार्सिलोनाविरुद्ध, एक्स्ट्रा टाइममध्ये पान्तिचचा हेडर, 1-0. लीगचं शेवटचं मॅच 25 मे ला अल्बासेतेशीच, 2-0. मोलिना लीगची सगळीच्या सगळी 42 मॅच खेळला, 32 गोल खाल्ले, आणि त्याला सामोरा ट्रॉफी मिळाली. ही ट्रॉफी रिकार्दो सामोराच्या नावानं, दर मॅचला सगळ्यात कमी गोल खाणाऱ्या कीपरला देतात. माझं स्पष्ट मत आहे की त्या डबलचं क्रेडिट पान्तिचच्या फ्रीकिकना जेवढं जातं तेवढं मोलिनाला द्यायला पाहिजे होतं, आणि ते दिलं गेलं नाही. कीपर पुढं आला नसता तर आंतिचची ती लाइन दोन मॅचमध्ये उघडी पडली असती.

आता स्पेनच्या टीमची गोष्ट. कोच हाविएर क्लेमेन्ते. 24 एप्रिल 1996, ऑस्लो, नॉर्वेशी फ्रेंडली मॅच, 0-0. शेवटी शेवटी एक खेळाडू बाहेर काढायची वेळ आली आणि बेंचवर आउटफिल्डचा माणूसच उरला नव्हता. क्लेमेन्तेनं काय करावं? मोलिनाला आत पाठवलं, कीपर म्हणून नाही, डाव्या विंगवर! हसताय काय, खरंच आहे, स्पेनसाठी त्याचा डेब्यू लेफ्ट विंगर म्हणून झालाय. ग्लोव्हज बेंचवर ठेवून. दुसरा कुठला कीपर असता तर क्लेमेन्तेनं कदाचित दहा जणांवर मॅच संपवली असती, पण याच्या पायात बॉल टिकतो हे त्याला माहीत होतं.

पुढं 96 चा युरो, 98 चा वर्ल्डकप, दोन्हीकडं तो टीममध्ये पण पहिल्या नंबरचा कीपर अँडोनी सुबिसारेता. 126 मॅचचा माणूस, त्याला हलवणार कोण. त्या सुबिसारेताचं काय झालं आठवतंय? 13 जून 1998, नाँत, नायजेरियाच्या लावालनं बाजूनं एक साधा क्रॉस मारला, सुबिसारेताच्या हाताला लागून बॉल आत, स्पेन 3-2 नं हरलं आणि ग्रुपमधूनच घरी. इतक्या वर्षांची नोकरी आणि लोकांना तेवढा एक बॉल आठवतो.

आणि बरोब्बर दोन वर्षांनी, तारीख तीच, 13 जून 2000, रॉटरडॅम, युरोची पहिली मॅच, समोर परत नॉर्वे. कोच आता कामाचो, आणि त्यानं दुसरा कीपर कान्यिसारेसला बसवून मोलिनाला खेळवलं. सेकंड हाफ, 0-0. नॉर्वेचा कीपर मिर यानं स्वतःच्या हाफमधून एक लांबलचक फ्रीकिक मारली, बॉल हवेत, स्पेनच्या डीकडं येतोय. हे जरा डोळ्यासमोर आणा. स्पेनचे डिफेंडर मागं पळतायत, नॉर्वेचा स्टेफेन इवर्सन त्यांच्यात घुसलाय, आणि मोलिना पोस्ट सोडून पुढं निघाला, म्हणजे जे तो वर्षानुवर्षं करत आला तेच. फक्त यावेळी बॉलपर्यंत तो पोचण्याआधी इवर्सनचं डोकं पोचलं. मोलिना मधेच अडकलेला, मागं गोल रिकामा. 1-0, मॅच तिथंच गेली.

पुढच्या मॅचपासून कान्यिसारेस आत आला आणि मोलिना स्पेनसाठी परत कधी खेळला नाही. एकूण 9 मॅच. पहिली नॉर्वेशी, शेवटची नॉर्वेशी. चूक होती का? होती, त्याचं समर्थन करायला मी उभा नाहीये, बॉल मिळणार नसेल तर निघायचं नाही हे शाळेतल्या कीपरला पण सांगतात. पण ज्या सवयीवर तुम्ही लीग जिंकलात तीच सवय एका बॉलवर फसली म्हणून माणूसच संपवायचा, हे मला पटत नाही. स्ट्रायकर पाच सोपे चान्स घालवतो, सहावा मारतो आणि पेपरात हिरो होतो, कीपरचं उलटं असतं, हे इथं बसलेल्या कीपर पोरांना मी सांगायची गरज नाही.

बरं, माणूस संपला का? अजिबात नाही. त्याच वर्षी अ‍ॅटलेटिको सेकंड डिव्हिजनला घसरलं आणि मोलिना देपोर्तिवो ला कोरुन्याला गेला. ते नुकतेच लीग चॅम्पियन झालेले, कोच इरुरेता. तिथं लागोपाठ दोन सीझन लीगमध्ये दुसरा नंबर. आणि 6 मार्च 2002, रियाल माद्रिदचा शंभरावा वाढदिवस, कोपाची फायनल मुद्दाम त्यांच्याच बर्नाबेऊवर ठेवलेली, सगळी पार्टी तयार, आणि देपोर्तिवोनं 2-1 नं त्यांना हरवलं. गोलमध्ये मोलिना. राइट बॅकला स्कालोनी, ज्यानं पुढं कोच म्हणून मेस्सीच्या अर्जेंटिनाला वर्ल्डकप दिला तोच.

त्याच 2002 च्या ऑक्टोबरमध्ये त्याला वृषणाचा कॅन्सर निघाला. वय 32. उपचार घेतले आणि 2003 मध्ये परत आला. परत आला म्हणजे नुसता बेंचवर नाही. 2003-04 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये क्वार्टर फायनलला एसी मिलाननं सान सिरोवर देपोर्तिवोला 4-1 धुतलं, सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली, आणि देपोर्तिवोच्या घरच्या मैदानावर, रियाझोरला, परतीच्या मॅचमध्ये देपोर्तिवो 4-0. काका, शेवचेंको सगळे होते समोर, आणि मोलिनानं एक गोल खाल्ला नाही. पुढं सेमीफायनलला मोरिन्योच्या पोर्तोनं अडवलं, एका पेनल्टीवर. नंतर एक सीझन लेव्हान्तेत काढून 2007 ला रिटायर.

कोच म्हणून सुरुवात काही फार ग्रेट नव्हती, व्हियारियलनं काही महिन्यांत काढलं. 2016 मध्ये तो कोलकात्यात आला, अ‍ॅटलेटिको दि कोलकाता. सेमीफायनल आपल्या मुंबई सिटीशी, पहिली लेग कोलकात्यात 3-2. दुसऱ्या लेगला अंधेरीत यानं काय केलं तर जवळपास अख्खी टीमच बदलली, फायनलसाठी मेन लोकांना राखून ठेवलं! वर हाफटाइमच्या आधी एक माणूस रेड कार्डवर बाहेर. तरी 0-0 काढलं. मला तेव्हा राग आला होता, मुंबईवाला म्हणून, पण नंतर वाटलं हा तोच माणूस आहे, पोस्ट सोडून पुढं येणारा. फायनलला कोचीत केरला ब्लास्टर्स, पेनल्टीवर 4-3, देबजित मजुमदारनं शेवटच्या टप्प्यात महत्त्वाचा सेव्ह केला. एका टीमच्या मालकांत सचिन, दुसरीच्या मालकांत गांगुली, ती फायनल.

मध्ये 2018 ते 2022 स्पेनच्या फेडरेशनचा स्पोर्टिंग डायरेक्टर राहून 2024 ला तो परत कोलकात्यात, आता मोहन बागान. 24 मॅचमध्ये 56 पॉइंट, शील्ड (लीगच्या टेबलात पहिला नंबर) पण आणि कप (प्लेऑफनंतरची फायनल) पण, कपच्या फायनलला बेंगळुरूला एक्स्ट्रा टाइममध्ये 2-1. त्याच्या कीपरनं, विशाल कैथनं, त्या सीझनमध्ये गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे बेस्ट कीपरचं बक्षीस, घेतला. असा डबल आयएसएलमध्ये आधी फक्त एकाच क्लबनं मारला होता, 2020-21 ला मुंबई सिटीनं, कोच सर्जिओ लोबेरा. गोव्यातल्या फातोर्ड्याच्या त्या फायनलला हरलेली टीम होती मोहन बागानच.

आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये मोहन बागाननं मोलिनाला सोडलं आणि त्याच्या जागी लोबेरालाच आणलं. चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतला हात बराच वेळ वर आहे, तुम्ही विचारा आधी.