हाडाला वजन हवं

(दृश्य: अरुंद गल्ली, अर्धवट उघडं शटर, आतला पिवळा उजेड.)

सकाळचे साडेसहा. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीचा तळमजला. बाहेर दूध आणि पेपरवाल्यांची लगबग चालू आहे. आत रबराच्या चटया, भिंतीला टेकवलेल्या सहा काठ्या, दोन बुटकी लाकडी स्टुलं आणि एका रांगेत मांडलेली लोखंडी वजनं. सहा जणी आल्या आहेत. धाकटी ५८ वर्षांची, थोरली ७४. सहाही जणींच्या रिपोर्टवर एकच शब्द आहे, ऑस्टिओपोरोसिस. हाडं ठिसूळ झालेल्या या बायका इथे वजन उचलायला येतात.

खिडकीजवळ, निळा पंजाबी ड्रेस, घट्ट अंबाडा. ती माझी आई.

तीन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडावं याचं डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही, त्यांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला सांगितली. निरोगी तरुण हाडाशी तुलना करून जो आकडा काढतात, तो आला उणे २.९. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली ठरवलेल्या मापानुसार उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. उणे १ ते उणे २.५ ही त्याच्या अलीकडची पायरी.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक शब्द सतत ऐकू यायला लागला. जपून. जपून चाल. बादली राहू दे, मी उचलते. मंडईत जाऊ नकोस, गर्दी असते. आई रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायची, ते आम्ही पहिल्यांदा बंद केलं. वर्षभरात तिच्या मांड्या इतक्या बारीक झाल्या की सोफ्यावरून उठायला तिला हाताचा टेकू लागायला लागला. आम्ही मायेनंच तिला दुबळं केलं होतं, आणि हे कळायला मला फार वेळ लागला.

कळलं तेव्हा मी दुसऱ्या टोकाला गेले. जवळच्याच एका व्यायामशाळेत तिचं नाव घातलं. तिथल्या प्रशिक्षकाला रिपोर्ट दाखवला, त्यानं मान डोलावली आणि पोटाच्या व्यायामापासून सुरुवात केली. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, डोकं गुडघ्याकडे आणायचं. तिसऱ्या आठवड्यात आईच्या पाठीत मधोमध कळ आली. स्नायू धरला असेल म्हणून आम्ही चार दिवस गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं. एक्स-रेमध्ये दिसलं की छातीचा शेवटचा, बारावा मणका पुढच्या बाजूनं दबला होता. चौकोनी असायला हवा तो मणका सुतार लाकडात ठोकतो तशा पाचरीसारखा दिसत होता.

(दृश्य: एक्स-रेवरून फिरणारं बोट. पाचरीच्या आकारावर थांबतं.)

मणक्याची अशी मोडतोड बहुतेक वेळा कळतच नाही. जवळजवळ दोन तृतीयांश वेळा ती डॉक्टरांपर्यंत पोचत नाही, वयाची पाठदुखी म्हणून अंगावर काढली जाते. ब्लाउज मागून वर चढायला लागला, पूर्वी हाताला येणारा फळीवरचा डबा आता येईना, उंची तीन-चार सेंटिमीटरनं कमी भरली, तर एक्स-रे काढून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांची उंची आजच दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा, लहान मुलांची लिहितो तशीच.

आता हाडाबद्दल. हाड म्हणजे आतून निर्जीव दगड, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते रोज थोडं मोडलं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं लिंपणाऱ्या वेगळ्या. आणि हाडाच्या आत गाडल्यासारख्या बसलेल्या तिसऱ्या पेशी असतात, त्यांचं काम भार ओळखण्याचं. हाडावर जोर आला की ते किंचित लवतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं. ते लवणं या पेशींना कळतं, आणि त्या बांधणाऱ्यांना निरोप देतात की इथे भर घाला. जोर आलाच नाही तर उलटा निरोप जातो, की इथला माल काढून न्या. अवकाशात राहून आलेल्या अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड दर महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं, ते याच कारणानं. तिथे वजनच नसतं. जिथे भार तिथे भर, ही गोष्ट युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं १८९२ साली मांडली होती.

तिशीपर्यंत बांधणाऱ्यांचा हात वर असतो. पुढे हळूहळू घट सुरू होते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, खरवडणाऱ्यांना आवर राहत नाही, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सगळ्यात वेगानं होते. पुरुषांची हाडंही ठिसूळ होतात, फक्त जरा उशिरा, आणि त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

चालणं चांगलंच. सारसबागेला रोज चार फेऱ्या मारणाऱ्या माणसाचं हृदय खूश राहतं, तोल राहतो. पण हाडाला त्या भाराची सवय असते. सवयीच्या भारानं ते नवं बांधकाम काढत नाही. पोहताना आणि सायकल चालवताना तर शरीराचं वजन पाण्यावर किंवा सीटवर असतं. हाडाला जाग यायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. थोडाच वेळ, पण जास्त.

हे नुसतं तर्काचं नाही. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या ग्रिफिथ विद्यापीठात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रियांवर एक चाचणी झाली. निष्कर्ष २०१८ साली छापून आले. अर्ध्या जणींनी घरी हलका व्यायाम केला. बाकीच्यांनी आठवड्यातून दोनदा, फक्त ३० मिनिटं, प्रशिक्षकाच्या नजरेखाली खरोखर जड वजनं उचलली, जमिनीवरून, खांद्यावर, डोक्यावर. आठ महिन्यांनी वजन उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली होती. हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली होती. वजन उचलणाऱ्या गटात व्यायामामुळे दुखण्याची एकच नोंद झाली, पाठीत धरलेली किरकोळ उसण.

हे ऐकून उद्याच डंबेल आणायला निघू नका. त्या बायकांचा पहिला महिना नुसतं शिकण्यात गेला, शरीराच्याच वजनावर आणि हलक्या भारावर. आणि त्यांच्या प्रत्येक हालचालीवर जाणत्या माणसाचा डोळा होता.

आईच्या मणक्याचं काय चुकलं, तेही फार आधी माहीत झालेलं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मणक्याची हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रिया, कुणाला पाठ मागे ताणण्याचे व्यायाम, कुणाला पुढे वाकण्याचे. मागे ताणणाऱ्या २५ जणींपैकी ४ जणींचे मणके नंतर नव्यानं दबले. पुढे वाकणाऱ्या ९ जणींपैकी ८ जणींचे. अभ्यास लहान होता, पण आईचा एक्स-रे पाहिल्यापासून तो आकडा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

पाठ गोल करून पुढे वाकलं की सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, आणि आतलं जाळीदार हाड विरळ झालेलं असलं की ती कडच दबते. म्हणून हाडं ठिसूळ असतील तर पोटाच्या उठाबशा नकोत. वजन हातात घेऊन कमरेत पीळ नको. आणि इथे पुण्यात मला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. आपल्या कित्येक आया, मावश्या वर्षानुवर्षं योगासनं करतात, श्रद्धेनं करतात. योग सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण पश्चिमोत्तानासन, हलासन, पाठ गोल करून पायाला हात लावणं, ही आसनं तुमच्या शिक्षकांना रिपोर्ट दाखवून बदलून घ्या. ताडासन, वीरभद्रासन, भिंतीच्या आधारानं वृक्षासन, यांत करण्यासारखं भरपूर आहे.

(दृश्य: पुन्हा तळमजला. काठी हातात घेतलेली आई, बाजूने.)

आता इथे जरा थांबून बघू या. आईनं काठी पाठीवर उभी धरली आहे, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकलेली असते. डोक्याची मागची बाजू, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाजवळ. अट एकच, वाकताना तिन्हीपैकी एकही जागा सुटता कामा नये.

फिजिओथेरपिस्ट ताई सांगतात, ‘‘काकू, दोन्ही हातांत पातेली आहेत आणि फ्रीजचं दार उघडं राहिलंय. ते मागच्या मागे ढकलून लावायचंय. लावा बरं.’’

आई कुल्ले मागे नेते. गुडघे किंचित सैल. पाठ फळीसारखी सरळ राहून पुढे झुकते, घडी पडते ती खुब्यात. मांडीच्या मागे ताण येतो, तो तिच्या चेहऱ्यावर दिसतो. मग टाचा जमिनीत रोवून ती वर येते. एवढी एक हालचाल बसायला तिला पाच आठवडे लागले. साठ वर्षं कमरेत वाकून केर काढलेल्या शरीराला ‘कंबर नाही, खुबा’ हे शिकवायला वेळ लागणारच.

सहाव्या आठवड्यात काठी गेली आणि पुढ्यात स्टूल आलं, त्यावर ४ किलोचं वजन. जमिनीवर नाही, स्टुलावर, म्हणजे खोल वाकावं लागत नाही. उचलताना श्वास रोखायचा नाही, हुश्श करत सोडायचा. रक्तदाब असलेल्यांनी तर हे विसरूच नये.

बाकीचे व्यायाम मी भराभर सांगते, कारण ते दिसायला साधेच आहेत. हाताचा टेकू न घेता खुर्चीतून उठबस, पुढे छातीशी वजन धरून. भिंतीवर हात टेकून जोर. एका हातानं टेबलाचा आधार, दुसऱ्यानं डंबेल कमरेकडे ओढणं. ओट्याला धरून टाचा उचलणं. पायरीवर चढउतर. दोन्ही हातांत सारखं वजन घेऊन ताठ चालणं. आईला उडी नाही आणि डोक्यावर वजनही नाही, कारण तिचा मणका एकदा दबलेला आहे. शेजारच्या ५८ वर्षांच्या ताईंना दोन्ही चालतं. एकाच्या व्यायामाचा कागद दुसऱ्यानं वापरू नये, ते यासाठीच.

किती वजन? सुरुवातीला १०-१२ वेळा उचलता येईल इतकं, आणि शेवटच्या दोन वेळा खरंच जड वाटायला हव्यात. पंधरा-वीस वेळा गप्पा मारत उचलता येत असेल तर हाडाला काही कळलेलं नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. वजन वाढवायचं ते अर्धा-एक किलोनं, आणि तेही हालचाल बिघडत नसेल तरच. स्नायू दुखले तर ते दोन दिवसांत शांत होतात. पण पाठीत अचानक तीव्र कळ आली, ती बरगड्यांच्या बाजूनं पुढे आली, तर तिथल्या तिथे थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. शेकत बसायचं नाही. आम्ही बसलो होतो.

डॉक्टरांची परवानगी हा पहिला टप्पा, विशेषतः हाड नुकतंच मोडलं असेल तर. आईला मणका भरून यायला तीन महिने दिले गेले, मगच काठी हातात आली. तिच्या गोळ्या आजही चालू आहेत. आठवड्याला एक, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. व्यायामानं बरं वाटतंय म्हणून औषध परस्पर बंद करणं धोक्याचं आहे. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिळतं, उरलेलं दूध, दही, तीळ, राजगिरा यांतून. पुण्यात ऊन मुबलक असूनही ड जीवनसत्त्व कमी निघतं, तेव्हा तपासून घ्या. आणि न्हाणीघरात दांडी बसवून घ्या, आजच्या आज.

बळ कमावणं या शहराला नवीन नाही. इथल्या पेठांमध्ये तालमी होत्या, अजूनही काही आहेत. टिळक रस्त्यावरचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालचं. लाल मातीत जोर-बैठका काढून मुलगे मोठे झाले. त्याच वेळी त्यांच्या आया आडाचं पाणी ओढत होत्या, जात्यावर दळत होत्या, हंडे-कळश्या वाहत होत्या. त्याला कुणी व्यायाम म्हटलं नाही. ते कष्ट परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण नळ आला, मिक्सर आला आणि बाईच्या हाडावरचा भार गेला. तो आता मुद्दाम, मोजून, मापून द्यावा लागणार आहे. या तळमजल्यावर तेच चालतं.

हाडाचं मोडून बांधण्याचं एक चक्र पुरं व्हायला चार ते सहा महिने लागतात. म्हणून डेक्सा लगेच करून निराश होऊ नका, डॉक्टर सांगतील तेव्हा, वर्षा-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर करा. ताकद मात्र त्याआधी येते. आई दुसऱ्या महिन्यात सोफ्यावरून हात न टेकता उठली, आणि उठल्यावर तिचं तिलाच लक्षात आलं नाही. मीच पाहिलं.

(दृश्य: महात्मा फुले मंडई. दगडी इमारत, खाली भाजीचे ढीग.)

आज आईला व्यायाम सुरू करून अकरा महिने झाले. स्टुलावरून ती आता १४ किलो उचलते. तिसरा रविवार आहे की आम्ही दोघी मंडईत येतोय. तिनं बटाटे घेतले, कांदे घेतले, दोन कोबी घेतले, सगळं एकाच पिशवीत. मी सवयीनं हात पुढे केला.

‘‘थांब,’’ आई म्हणाली. पिशवी खाली ठेवली, दुसरी काढली आणि अर्धे बटाटे त्यात ओतले. मग फ्रीजचं दार लावल्यासारखी मागे झाली, पाठ सरळ, दोन्ही पिशव्या एकदम उचलल्या.

‘‘आता सारख्या झाल्या. चल, कोथिंबीर राहिली.’’