दिसायला ठणठणीत

नमस्कार श्रोतेहो.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते, शाळेत गणित शिकवते. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला आणि त्यातून मी वाचले. ऑपरेशनबद्दल डॉक्टर सगळं नीट समजावतात. घरी आल्यानंतरच्या महिन्यांबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही, म्हणून आज त्याबद्दलच बोलायचं ठरवलंय.

आधी आजार थोडक्यात सांगते. मेंदूच्या तळाशी धमन्यांना जिथे फाटे फुटतात, तिथली भिंत कमकुवत झाली की ती सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी एका जागी फुगते. यालाच अ‍ॅन्युरिझम म्हणतात. १०० प्रौढांपैकी साधारण ३ जणांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांचा तो जन्मभर फुटत नाही. वाढलेला रक्तदाब आणि सिगारेट यांनी धोका वाढतो. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा जास्त आढळतो.

फुगा फुटला, की क्षणात डोकं असं दुखतं की तसं आयुष्यात कधी दुखलेलं नसतं. मान आखडते, उलट्या होतात, उजेड नकोसा होतो, कधी शुद्ध जाते. आपल्याकडे डोकं दुखलं की आधी पित्ताचं नाव निघतं. आमच्या शेजारच्या काकूही तेच म्हणाल्या होत्या. पण पित्ताचं डोकं चढत चढत जातं. हे एकदम, घाव बसल्यासारखं येतं. असं झालं तर अ‍ॅस्पिरिन देऊ नका, पडून राहा म्हणू नका. सरळ १०८ला फोन करा.

उपचाराच्या मुख्य वाटा दोन. एक म्हणजे क्लिपिंग, कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा; हे १९३७पासून चालत आलंय. दुसरी कॉइलिंग, मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार भरायची, ही १९९०पासूनची. कोणाला काय करायचं हे फुग्याची जागा आणि आकार बघून ठरतं. माझं कॉइलिंग झालं.

घरच्यांना वाटलं, सुटलो. पण सांडलेल्या रक्तामुळे मेंदूतल्या धमन्या आकसू शकतात, आणि ती भीती साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत जास्त असते. त्यासाठी निमोडिपिन नावाची गोळी दर ४ तासांनी, २१ दिवस देतात. म्हणजे रात्री दोनलाही उठवायचं. त्या गोळीने रक्तदाब उतरतो, म्हणून आधी दंडाला पट्टा आवळायचा. मग सिस्टर विचारायच्या, ‘‘मॅडम, नाव सांगा. महिना कोणता? माझी बोटं दाबा, दोन्ही हातांनी.’’ मी वैतागायचे. पण उत्तर अडखळलं, एक हात सैल पडला, तर धमनी आकसल्याचं कदाचित तिथेच कळतं. त्या रात्रपाळीच्या सिस्टरांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

आणि मग घर. कॉइलिंगची खूण डोक्यावर दिसत नाही. भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘‘अगं, तुला एवढं झालं होतं असं वाटतसुद्धा नाही!’’ प्रेमानेच म्हणायचे. पण गावदेवी मंडईत मेथीची जुडी आणि अर्धा किलो भेंडी यांची बेरीज मला जमत नव्हती, आणि मी गणिताची बाई. भाजीवाली मावशी सुटे पैसे हातात धरून थांबली होती. मागे रिक्षांचे हॉर्न, समोर दोन आकडे, आणि ते एकत्र येतच नव्हते. मावशीने न विचारताच माझ्या तळहातावर एकेक नाणं मोजून ठेवलं.

हा थकवा आळसाचा नसतो. आंघोळ केली की झोपावं लागतं. दोन माणसं एकदम बोलली की काही कळत नाही. आवाज तर टोचतो. ठाण्यातली दहीहंडी मी लहानपणापासून हौसेने बघत आले. त्या वर्षी मात्र स्पीकर लागायच्या आधीच आम्ही बदलापूरला नणंदेकडे गेलो. कारण नसताना रडू येतं, माणूस चिडतो. तो स्वभाव बिघडलेला नसतो, मेंदू सावरत असतो. तरी रडू थांबतच नसेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यावरही उपचार आहेत. आणि सांभाळणाऱ्यालाही अधूनमधून सुट्टी हवी. आमचे हे किती खचले होते, ते मला फार उशिरा दिसलं.

काही कामाच्या गोष्टी सांगते. दमायच्या आधी बसा, दमल्यावर नव्हे. एका वेळी एकच काम, आणि सगळं वहीत लिहून ठेवा. कॉइल कधी कधी आत दबते, म्हणून बरं वाटतंय तरी पुढची अँजिओग्राफी चुकवू नका. एमआरआयच्या आधी डोक्यात काय बसवलंय ते कागद दाखवून सांगा. घरात दोन जवळच्या नातेवाइकांना हा आजार झाला असेल, तर बाकीच्या भावंडांनी तपासणीबद्दल न्यूरोच्या डॉक्टरांना विचारावं.

मी आता पुन्हा शाळेत जाते, अर्धा दिवस. तुमच्या सोसायटीत, ऑफिसात असं कोणी परतलं असेल, तर ‘आता एकदम छान ना?’ असं विचारू नका. ‘आज किती वेळ बोलू?’ असं विचारा, आणि तेवढंच बोला. त्यांच्या वाणसामानाची यादी मागून घ्या, दळण टाकून या.

नमस्कार.