बाई की आई?

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

नमस्कार मंडळी.

आपल्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवणारी आई म्हणून तुम्ही मला बोलायला सांगितलंत. काय शिकवावं, रोज किती वेळ, गाणं कधी, अक्षरं कधी, अशी टिपणं मी काढून ठेवली होती. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी मी गाण्यासाठी पेटी (हार्मोनियम) उघडली आणि लेक समोर येऊन उभी राहिली. बसेना. म्हणाली, "आत्ता तू बाई आहेस की आई?"

मी विचारलं, "का गं?"

"बाई असशील तर मी नीट बसते."

टिपणं घरीच राहिली आहेत. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, त्यामुळे आज त्याबद्दलच बोलते.

आपल्याला बाई म्हटलं की काय आठवतं ते मी सांगायला नको. उभं राहून म्हटलेले पाढे, पाटीवरची ओली बोटं, "पुन्हा म्हण" हा आवाज. त्या बाईंवर आपलं प्रेमही होतं. पण संध्याकाळी आपण घरी यायचो आणि घरी आई असायची. माझ्या मुलीला घरी यायला जागाच नाही, कारण ती घरीच असते. तिचा प्रश्न ऐकेपर्यंत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सुरुवात फार छान झाली होती. अक्षरं शिकवताना मी तिला आरशासमोर बसवलं आणि क, च, ट, त, प एवढीच पाच म्हणायला लावली. क घशाशी, च टाळूला, ट म्हणताना जीभ वर वळते, त दातांना लागतो, प ओठांवर. ती बोट तोंडात घालून एकेक जागा शोधत होती. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर आनंदाने ओरडली, "आई, अक्षरं तोंडातून बाहेर चालली आहेत!" वर्णमालेची मांडणी अशीच आहे, घशापासून ओठांपर्यंत. हे मला माहीत होतं, पण तिला दिसलं तसं मला कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी मला कुणी बाई म्हटलं नाही.

मग बिघडलं कुठे? तर दुरुस्त्या करण्यात. ती म्हणायची, "मी चित्र करलं." मी म्हणायचे, "करलं नाही, केलं." दिवसातून वीस वेळा. थोडा विचार केला असता तर कळलं असतं की धरलं, भरलं, सारलं ऐकणाऱ्या मुलीने नियम बरोबर पकडला होता, आडवी आली ती आपली भाषा. 'करलं' म्हणणारं मूल पाठ केलेलं बोलत नसतं, ते स्वतःच्या डोक्याने मराठी बनवत असतं. मी नेमकं तेच खोडत बसले.

माझी आई फोनवर काय करते ते मग मी लक्ष देऊन ऐकलं. नात म्हणाली, "आजी, मी घर करलं." आजी म्हणाली, "घर केलंस? कुणासाठी केलंस गं?" नात म्हणाली, "बाहुलीसाठी केलं." संपलं. चूक दाखवली नाही, बरोबर शब्द मात्र दोनदा कानावर घातला, तोही कौतुकातून. आजी बाई झाली नाही, आणि नात सुधारली.

गाण्यात तर माझ्या हातून याहून मोठी चूक झाली. मी भूप रागापासून सुरुवात केली. त्यात मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत, पाचच स्वर, आणि दोन स्वरांमध्ये अर्ध्या स्वराची अडचण कुठेच नाही, म्हणून लहान गळ्याला तो सोपा जातो. पण पेटी मी माझ्या पट्टीत धरली, काळी चार, म्हणजे सा त्या काळ्या पट्टीवर. तिला खालचा सा लागेना. आठ दिवस मी "लक्ष दे, लक्ष दे" म्हणत राहिले. एकदा आवाज चढवला आणि ती रडली. दुसऱ्या दिवशी सहज पांढरी एक ही वरची पट्टी धरली, तर सा, रे, ग, प, ध सरळ लागले. तिचं लक्ष पहिल्या दिवसापासून होतं. पट्टी माझ्या गळ्याची होती, तिच्या नव्हे.

शिनिची सुझुकी या जपानी व्हायोलिन शिक्षकांची सगळी पद्धत एका साध्या निरीक्षणावर उभी आहे. जपानमधलं प्रत्येक मूल जपानी बोलतं, तेही सहज आणि न घाबरता. मग संगीत तसंच का शिकू नये? म्हणून त्यांच्याकडे आधी भरपूर ऐकायचं, मग वाजवायचं, वाचणं त्यानंतर. आणि आई किंवा वडिलांनी मुलासोबत शिकायला बसायचं. मी हे वाचलं आणि बरोबर उलट केलं. संगीत मातृभाषेसारखं शिकवण्याऐवजी मातृभाषाच तासासारखी शिकवली.

आता तुमच्याशी थोडं भांडते. आपलीच माणसं आहात म्हणून.

आपल्या कार्यक्रमात मुलं मंचावर मराठी म्हणतात. खाली उतरली की आपण त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलतो? मुलांचा मराठीचा वर्ग आत चालू असतो आणि दाराबाहेर आपण आईबाप एकमेकांशी काय बोलत उभे असतो? मुलं ऐकतात. ही भाषा मंचासाठी आहे, हे त्यांना आपणच सांगतो. आणि एखाद्याने 'वाट'च्या जागी 'वात' म्हटलं की चारजण हसतात. प्रेमानेच हसतात, मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी ते मूल गप्प बसतं, आणि आपण म्हणतो, "याला मराठी बोलायला आवडत नाही."

त्या 'ट' आणि 'त'ची तर मोठी गोष्ट आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांनाही हिंदीतला ट आणि त वेगळा ऐकू येतो, पण वर्षाचं होईपर्यंत तो फरक बहुतेकांच्या कानातून निसटतो, कारण घरात तो कुणी बोलत नाही. दुसरा प्रयोग २००३ चा, पॅट्रिशिया कूल यांचा. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं बारा वेळा खेळली, तेव्हा बाळांच्या कानांनी त्या भाषेतले ध्वनी धरले. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तर काही उपयोग झाला नाही. म्हणून मुलासमोर मराठी गाणी लावून आपण दुसऱ्या खोलीत गेलो, तर आपण भाषा दिली असं समजू नका. मांडीवर घेऊन बोलणारं माणूस लागतं. चुकलं तर न हसणारं.

घरी शिकवायचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांना एवढंच सांगते: नियम प्रत्येक देशाचे वेगळे आहेत, ते आधी नीट पाहा. वह्या नंतर घ्या. आम्ही आता सकाळी तीनताल हा ताल हाताने धरतो, सोळा मात्रा, चार-चारांचे चार भाग, नवव्या मात्रेला 'खाली', म्हणजे तिथे टाळी नाही. खालीला ती हात असा उलटा हवेत सोडते, जणू पाखरू उडवते आहे. चाराचा पाढा तिथेच आला, मी शिकवला नाही. दुरुस्ती करायची नाही, असं मी ठरवलं आहे. दिवसातून पाच-सहा वेळा तरी अजून होतेच.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही.

परवा दुपारी तिच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत ती बाहुलीला भूप शिकवत होती. सारेग, रेगप, गपध. मराठीत, कुणी न सांगता. मी सुखावून दाराशी थांबले. मग ती बाहुलीकडे वळून म्हणाली, "असं नाही. लक्ष दे. पुन्हा म्हण." शब्द माझे होते, आवाजाची धारही माझीच. बाहुलीच्या वतीने तिने पुन्हा म्हटलं, या वेळी अगदी हळू. गंधार (ग) जरासा चढा लागला होता.

आत जावं की परत फिरावं, मला कळेना. तेवढ्यात तिला माझी चाहूल लागली. तिने गाणं थांबवलं आणि पाठ ताठ करून नीट बसली.