आभाळ निरभ्र, रस्ता बंद

[दृश्य: अमेरिकेतलं नॉर्थ डकोटा राज्य, फार्गो आणि ग्रँड फोर्क्सच्या मधला आय-२९ महामार्ग. वर निळं आभाळ, खाली छातीएवढा पांढरा लोट.]

वर बघा. ऊन पडलंय. ढगाचा ठिपका नाही.

आता खाली बघा. रस्त्याच्या कडेचा पट्टा दिसत नाही. पुढच्या ट्रकचे दिवे मधूनच लुकलुकतात आणि गायब होतात. आज इथे बर्फ पडलेला नाही. तो परवाच पडला होता, जेमतेम वीतभर. आज वाऱ्याने तो पुन्हा उठवलाय.

याला इथे ‘ग्राउंड ब्लिझर्ड’ म्हणतात. ब्लिझर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आभाळातून कोसळणारा बर्फ येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची व्याख्या मात्र वेगळंच सांगते. वारा किंवा वारंवार येणारे झोत ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त हवेत. पडत्या किंवा उडत्या बर्फामुळे पाव मैलापलीकडचं, म्हणजे साधारण ४०० मीटरपलीकडचं दिसू नये. आणि हे तीन तास किंवा त्याहून जास्त टिकावं. झालं. बर्फ किती इंच पडला आणि पारा किती उतरला, यांना या व्याख्येत जागाच नाही.

म्हणून या मैदानात हिवाळ्याचा अंदाज ऐकताना ‘किती बर्फ पडणार?’ हा प्रश्न पुरत नाही. जमिनीवर आधीच काय पडलंय आणि वारा कुठून येणार, हेही विचारावं लागतं.

[दृश्य: उंचावरून रेड रिव्हरचं खोरं. क्षितिजापर्यंत सपाट शेतं.]

इथली जमीन अशी पाटासारखी का? हिमयुगाच्या शेवटी इथे अगासिझ नावाचं प्रचंड सरोवर होतं. ते ओसरलं आणि तळ उरला: काळा, कसदार, सपाट. आज त्यात बीट, गहू आणि सोयाबीन पिकतं. बिटाच्या साखरेसाठी हे खोरं अमेरिकेत पहिल्या क्रमांकाचं. पण सोयाबीन आणि बीट निघालं की शेतात वाऱ्याला अडवणारं काहीच राहत नाही. खोरं दक्षिणोत्तर पसरलेलं, त्यामुळे कॅनडाकडून येणारा उत्तरेचा वारा त्यातून आणखी जोर धरतो.

आता बर्फ उडतो कसा ते बघू. कोरडा, ताजा बर्फ असेल तर दहा मीटर उंचीवर मोजलेला वारा ताशी २५ ते ३० किलोमीटर झाला की सहसा कण हलायला लागतात. ओलसर किंवा जुना बर्फ हलवायला त्याहून जोर लागतो. सुरुवातीला कण जमिनीलगत उड्या मारत जातात, काही सेंटिमीटर उंच. प्रत्येक कण खाली आदळताना आणखी काही कण उडवतो. लांबून हे रस्त्यावर पांढरे साप वळवळल्यासारखं दिसतं. इथवर गाडी चालवता येते, कारण चालकाची नजर लोटाच्या वर असते. वारा वाढला की बारीक कण तरंगायला लागतात, लोट डोळ्यांच्या पातळीला येतो, मग छताच्या वर जातो. वाऱ्याने वाहून नेलेला बर्फ हा वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात किंवा त्याहूनही झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला की बर्फ दुप्पट होत नाही, निदान आठपट होतो. बिघडायला दहा मिनिटं पुरतात, ती याच हिशोबामुळे.

[दृश्य: हवामान कार्यालय. पडद्यावर समदाब रेषा एकमेकींना खेटलेल्या.]

अंदाज देणाऱ्याला इथे दोन पाहुणे ओळखीचे असतात. पहिला ‘कोलोरॅडो लो’, म्हणजे कोलोरॅडोकडून येणारा कमी दाबाचा पट्टा. तो नैर्ऋत्येकडून बाष्प घेऊन येतो, भरपूर बर्फ टाकतो, आणि त्याची चाहूल बहुधा दोन-चार दिवस आधी लागते. दुसरा ‘अल्बर्टा क्लिपर’. वायव्येकडून सुसाट येणारा कमी दाबाचा पट्टा. बाष्प थोडं, बर्फ दोन-तीन इंच, पण शीत आघाडी, म्हणजे थंड हवेची पुढची कड, सरकली की मागून थंड, जड हवा धडकते, दाब झपाट्याने चढतो आणि वारा सुटतो. बर्फाच्या आकड्याकडे बघून क्लिपरला हलकं लेखणारे रस्त्यात अडकतात.

वाऱ्याचा अंदाज संगणकी प्रारूपं बरा देतात. खरी अडचण जमिनीवरच्या बर्फाची आहे. मधे एक दिवस पारा शून्याच्या वर गेला, किंवा गोठणारा पाऊस पडला, तर वर कडक साय धरते. मग त्याच वाऱ्यात काहीच उडत नाही. त्या सायीवर दोन इंच भुरभुरीत बर्फ पडला की डाव पुन्हा उलटतो. हे उपग्रह पुरेसं सांगत नाही. शेतात उभ्या माणसाने बुटाने बर्फ उकरून कळवलेलं जास्त कामाचं ठरतं.

रडारही इथे फसतं. सर्वांत खालचा, अर्ध्या अंशाने वर कललेला किरण ८० किलोमीटर अंतरावर जमिनीपासून एक किलोमीटरहून उंच गेलेला असतो. आणि हे वादळ तर जमिनीलगत काही दहा मीटरांत! पडदा कोरा, आणि खाली समोर धरलेला हातही दिसत नाही. दिवसा, आभाळ स्वच्छ असेल तर, उपग्रहाच्या चित्रात वाऱ्याच्या दिशेने लांबलेले बर्फाचे पट्टे ओळखू येतात. रात्री भिस्त विमानतळांवरच्या दृश्यमानतेच्या नोंदींवर आणि रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांवर.

तीन महिन्यांचा हंगामी अंदाज? तो सरासरीहून जास्त, आसपास किंवा कमी यांच्या शक्यता टक्क्यांत देतो. ला निना, म्हणजे विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड, असेल तर उत्तर मैदानांत थंडीकडे कल झुकतो, इतकं म्हणता येतं. जानेवारीत कोणत्या मंगळवारी आय-२९ बंद होईल, हे त्यातून काढायला जाऊ नये.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

१५ मार्च १९४१. शनिवारची संध्याकाळ, हवा त्या मानाने सौम्य. लोक गावात बाजाराला, नाचाला निघालेले. आघाडी आली आणि काही मिनिटांत सगळं पांढरं. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा मिळून सत्तरच्या आसपास माणसं गेली. त्यांतली अनेक बंद पडलेल्या गाडीतून उतरून चालत निघालेली.

[दृश्य: रस्त्यापासून दूर शेतात उभं लाकडी आडव्या फळ्यांचं कुंपण, मागे लांबलचक ढीग.]

हे कुंपण बर्फ ‘अडवत’ नाही. ते वाऱ्याचा वेग तोडतं, आणि वेग तुटला की बर्फ खाली बसतो. म्हणून ते निम्मं उघडं असावं लागतं. भिंतीसारखं बंद केलं तर ढीग आखूड आणि उंच होतो आणि कुंपण लवकर बुजतं. तळाशी उंचीच्या दहा ते पंधरा टक्के फट ठेवतात, नाहीतर कुंपण स्वतःच्याच ढिगात गाडलं जातं. मागचा ढीग उंचीच्या ३५ पट लांब पसरू शकतो. २.४ मीटरचं कुंपण म्हणजे ८४ मीटर. रस्ता त्याच्याही पलीकडे हवा. जागा वाचवायला कुंपण रस्त्याजवळ आणलं, तर तेच रस्त्यावर ढीग घालतं. उंचीत कंजुषीही महागात पडते: १.२ मीटरचं कुंपण मीटरमागे साधारण १३ टन बर्फ धरतं, २.४ मीटरचं ५८ टन.

शेतकऱ्याची जमीन अडवायची नसेल तर स्वस्त उपाय आहे. रस्त्याला समांतर मक्याच्या काही ओळी न कापता उभ्या ठेवायच्या. मिनेसोटाचं परिवहन खातं त्यासाठी शेतकऱ्याला पैसे मोजतं.

[दृश्य: गाडीच्या आतून. काच पूर्ण पांढरी.]

आणि तरीही कुणी अडकलंच तर? गाडी सोडायची नाही. घर दोनशे पावलांवर आहे हे माहीत असलं तरी नाही, कारण दहा पावलांनंतर गाडीही दिसत नाही आणि घरही. तासाला दहा मिनिटंच इंजिन चालवायचं. त्याआधी प्रत्येक वेळी खाली उतरून, गाडीला हात लावूनच, मागची धुराची नळी मोकळी करायची. ती बर्फाने बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो; त्याला वास नाही, आणि गुंगी येते. वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी. अँटेनाला लाल फडकं. डिकीत आधीपासून फावडं, झोपायची जाड पिशवी, वाळू, कोरडं खाणं. पेट्रोलची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही.

उणे २० अंश आणि ताशी ५० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३५ जाणवतं. अशा हवेत दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. फार्गोला शिकायला आलेल्या पुण्या-नागपूरच्या मुलांना पहिल्या डिसेंबरात जॅकेटाची किंमत पटते. हातमोज्यांची बहुधा जानेवारीत.

घरात राहणाऱ्यांनाही एक काम असतंच. नव्या घरांत घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या नळ्या बाजूच्या भिंतीतून बाहेर येतात आणि ढीग नेमका तिथेच साचतो. भट्टी अचानक बंद पडली तर दुरुस्तीवाल्याला फोन लावण्याआधी त्या नळ्या उकरून बघतात.

[दृश्य: पहाट. वारा थांबलेला. महामार्गाच्या तोंडाशी आडवं पाडलेलं फाटक, मागे ट्रकांची रांग.]

वारा पडला तरी फाटक लगेच उघडत नाही. उडताना मोडलेले कण इतके घट्ट बसतात की ढिगावर माणूस उभा राहिला तर बूट रुतत नाही. साधं पातं त्याला टेकतं आणि घसरतं, म्हणून फिरत्या पात्यांचं यंत्र लागतं. वादळ चालू असताना मीठ टाकणं मुद्दाम टाळलेलं असतं: कोरड्या, गार रस्त्यावरून बर्फ सरकून जातो, मिठाने ओल्या झालेल्या रस्त्याला तो चिकटतो आणि काच बनतो.

आधी एक मार्गिका. मग अडकलेल्या गाड्या एकेक करून ओढून काढायच्या, प्रत्येकीत आधी डोकावून. मग दुसरी मार्गिका. आणि मग फाटक वर.