तंबूला पडवी हवी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत आजचा विषय 'कुटुंबासाठी तंबू कसा निवडावा' असा छापलाय आणि त्याला पाऊण तास दिलाय. सुरुवातीला जरा हात वर करा बरं. पवनेच्या काठावर आयत्या लावलेल्या तंबूत कोण कोण राहून आलंय? बघा, निम्मं सभागृह. आता स्वतःचा तंबू किती जणांकडे आहे? सहा, सात... आठ. आणि त्यातल्या किती जणांनी तो पावसात लावलाय? एक ताई. ताई, तुम्ही पुढे येऊन बसा, माझी साक्ष काढायला मला कुणीतरी हवंच आहे.

ज्यांचे हात पहिल्या प्रश्नाला वर आले, ते दुसऱ्याला वर यावेत यासाठी मी इथे उभा आहे. शनिवारी दुपारी गाडी काढायची, अंधार पडायच्या आत कुठेतरी डेरेदाखल व्हायचं आणि रविवारी संध्याकाळी घरी. यासारखं सुख नाही. आता 'डेरेदाखल' म्हटलं मी, सहज तोंडात आलं. डेरा, राहुटी, कनात, तणावा म्हणजे ताणायची दोरी, मेख म्हणजे खुंटी, हे सगळे आपलेच शब्द. 'मेख मारून ठेवणे' आपण रोज म्हणतो. आजही आषाढात पालखीच्या वाटेवर जा. दिंडीचा ट्रक पुढे गेलेला असतो आणि वारकरी मुक्कामी पोचेपर्यंत राहुट्यांची रांग उभी. भोवती कुदळीने चर मारलेला, पाऊस आला तर पाणी त्यातून वाहून जावं म्हणून. ही विद्या आपल्या घरातलीच आहे. दुकानात तंबूसमोर उभे राहिलो की मात्र आपण रंग बघतो आणि पिशवीवरचा आकडा बघतो. मीही तेच केलं होतं. ती गोष्ट आता सांगतो.

जूनचा पहिला शनिवार. काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालो. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि माझी आई, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर. तंबू कोरा. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलेलं, 'चार माणसांचा आहे, तुम्ही चारच आहात.' संगमनेर, अकोले, राजूर करत रतनवाडीच्या बाजूला पोचलो. गावातल्या एका कुटुंबाने त्यांच्या शेताच्या तुकड्यावर जागा दिली. रात्री आठच्या सुमाराला समोरचा सादडा पेटला. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. अख्खं झाड एकदम उजळतं, एकदम विझतं, जणू श्वास घेतंय. आई तोंडावर पदर धरून कितीतरी वेळ नुसती बघत होती.

साडेअकराला वारा सुटला. वळवाचा वारा तुम्हाला माहीत आहे, आधी पाचोळा उडतो, मग मातीचा वास येतो आणि मग एकदम झोडपतं. आमच्या तंबूचं वरचं कव्हर, म्हणजे फ्लाय, टोपीसारखं नुसतं डोक्यावर. खाली दोन्ही बाजूंना जाळी. सरळ पडणारा पाऊस त्या टोपीने अडवला असता. पण सह्याद्रीत पाऊस सरळ पडतो का? झड आडवी आली आणि जाळीतून थेट अंथरुणावर. त्यात मी शहाणपणा म्हणून तंबूखाली मोठी निळी ताडपत्री अंथरली होती, चारी बाजूंनी हातभर बाहेर. कव्हरावरून ओघळलेलं पाणी त्या बाहेरच्या कडेवर पडलं आणि उतारानं तंबूच्या खाली शिरलं. लेक म्हणाली, "बाबा, खाली हलतंय." हात लावून पाहिलं, तळाखाली पाण्याची गादी झालेली! बाहेर ठेवलेल्या चपला वाहून गेल्या होत्या. चेन उघडायची तर पाऊस आईच्या उशाशी. उघडायची नाही तर आत चार ओली माणसं, एक ओली पिशवी, आणि पाय पसरायला जागा नाही.

विजा सुरू झाल्या तशी सगळ्यांना गाडीत बसवलं. एवढं एक बरोबर केलं. हे नीट ऐका. वीज कडाडत असताना तंबू कितीही भारी असो, तो आसरा नव्हे. काचा बंद केलेली पत्र्याच्या टपाची गाडी हा आसरा आहे, आणि गाडीने जाणाऱ्यांना तो हाताशी असतो.

अर्ध्या तासाने ज्यांनी जागा दिली होती ते दादा कंदील आणि घोंगडी घेऊन आले. म्हणाले, "म्हातारीला गाडीत कशाला बसवलंत, घरी चला." उरलेली रात्र आम्ही त्यांच्या पडवीत काढली. एका कोपऱ्यात दोन शेळ्या, एका बाजूला लाकडं रचलेली, दाराशी ओल्या चपलांचा ढीग. आणि मी मात्र छपराकडे बघत बसलो. पागोळ्या बघा कुठे पडत होत्या, भिंतीपासून चांगल्या दीड हातावर! पाणी घराला शिवतच नव्हतं. ओलं माणूस पडवीत येत होतं, तिथे निथळत होतं, पाय पुसून कोरडं होऊन आत जात होतं. आतलं घर लहानच, पण कोरडं ठणठणीत. कोकणातल्या घरांनाही पावसाआधी पडवीला झावळ्यांचे झाप बांधतात, झड आत येऊ नये म्हणून. घर कोरडं राहतं ते पडवीमुळे. त्या रात्री माझ्या मनात हे पक्कं बसलं आणि गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला मी हेच सांगतोय. तंबू घेताना खोल्या मोजू नका, पडवी बघा.

म्हणजे काय, तर फ्लाय जमिनीपासून वीतभरावर येईपर्यंत उतरलेला हवा आणि त्याची कड तळाच्या बरीच बाहेर पडायला हवी. दाराच्या पुढे छप्पर असलेली निदान दीड मीटरची मोकळी जागा हवी. तिथे चपला, पाण्याचा कॅन, ओले रेनकोट. आईला खुर्ची टाकून चहा घेत पाऊस बघता आला पाहिजे. आणि बाहेरची चेन उघडली तरी आतल्या दारावर थेंब पडता कामा नये. एक सावधगिरी मात्र हवी. पडवी मिळाली म्हणून तिथे शेगडी पेटवायची नाही. हे कापड ज्वाळेने वितळतं, आणि बंद जागेत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साईड झोपेतच माणूस नेतो. थंडीत बार्बेक्यूची शेगडी ऊब म्हणून आत घेणारे लोक मी पाहिलेत. हात जोडून सांगतो, असं करू नका.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बाकीचं भरभर सांगतो, लिहून घ्या.

पिशवीवरचा आकडा म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपलेली माणसं. चार माणसांच्या तंबूची रुंदी साधारण 240 सेंटिमीटर असते, म्हणजे माणशी 60. घरची साधी एकेरी गादी 90ची असते. चौघं असाल तर सहाचा घ्या. तुम्ही गाडीने जाताय, तंबू दहा किलोचा असला तरी तुमची पाठ दुखणार नाही. ट्रेकवाल्या मित्राचा हलक्या तंबूचा सल्ला त्याच्यासाठी योग्य आहे, तुमच्यासाठी नाही. पण डिकी मोजा! सीएनजीची टाकी असेल तर उरलेली जागा टेपने मोजून मगच दुकानात जा. क्षणात उघडणारे तंबू छान असतात, डेकॅथलॉनच्या 'केचुआ' या ब्रँडचा तसा तंबू 2005 साली आला आणि नवख्यांची भीतीच गेली. पण मिटल्यावर त्यांची मोठी थाळी होते आणि ती अशा डिकीत बसत नाही.

उंची. आईला साडी नेसायची तर उभं राहता आलं पाहिजे, म्हणून मधोमध 180 सेंटिमीटर तरी हवी. फार उंच तंबू वारा धरतो, तेव्हा तणावे सगळेच्या सगळे बांधायचे, शोभेला ठेवायचे नाहीत. सोबत येणाऱ्या तारेच्या मेखा आपल्या मुरमात वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून आठ इंची लोखंडी खिळे घ्या, डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं ठेवून तिरके ठोका. काठ्या परवडल्या तर ॲल्युमिनियमच्या. फायबरची तडकली की तिच्या कुसळी हातात घुसतात.

कापडावर 2000, 3000 असे मिलिमीटर लिहिलेले असतात. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड पेलतं. वर 2000 असले तरी पुरे. तळाला 3000 हवेत, कारण गुडघा टेकला की दाब सगळा एका ठिकाणी येतो. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, बोट फिरवून बघा. ताडपत्री अंथरायची तर तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं आत.

डिसेंबरात पहाटे आतून थेंब पडले तर तंबू गळतोय म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. तो तुमचा श्वास आहे, थंड कापडावर जमलेला. म्हणून कापड दुहेरी हवं आणि वरचे झरोके रात्री उघडे हवेत. आणि घरी आल्यावर त्याच दिवशी सोसायटीच्या गच्चीवर, नाही जमलं तर पंख्याखाली, पूर्ण वाळवा. ओला गुंडाळून ठेवला की आतला लेप चिकट होतो, वास मारतो, आणि मग तो तंबू गेलाच.

वेळ संपली, तरी अजून उठू नका. मागच्या अंगणात दोन तंबू उभे केलेत, एक टोपीवाला आणि एक पडवीवाला, शेजारी पाण्याने भरलेली झारी आहे. चौघाचौघांनी आत जाऊन आडवे व्हा, चपला कुठे ठेवायच्या ते ठरवा. ताई, झारी तुम्ही धरा.