मेथी, गुग्गुळ आणि कढईतलं तेल

हे आमच्या स्वयंपाकघरातलं फडताळ. वर तेलाचा डबा, त्याच्या शेजारी मेथीदाण्यांची बरणी, आणि मागे ती पांढरी डबी दिसतेय ना, ती गुग्गुळाच्या गोळ्यांची. आईला बारा वर्षांपासून शुगर आहे, कोलेस्टेरॉल मागोमाग आलंच, आणि गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून तिने कोलेस्टेरॉलची रोजची गोळी बंद केली आणि ही डबी सुरू केली, घरात कुणालाच पत्ता नाही. अडीच महिन्यांनी रिपोर्ट आला तर एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं ते वाईट कोलेस्टेरॉल, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायच्या आधी जिथे होतं तिथे परत जाऊन बसलेलं. मला राग नाही आला, भीती वाटली. म्हणून हा व्हिडिओ करतोय.

गुग्गुळापासूनच सुरू करू. कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या रानातलं काटेरी झुडूप, सालीला चीर दिली की जो डिंक पाझरतो तो गुग्गुळ. सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर, म्हणजे अंगात चरबी साठण्याच्या आजारावर, तो सांगितलाय. तेच वर्णन धरून 1966 साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी कोलेस्टेरॉल वाढवलेल्या सशांना गुग्गुळ देऊन बघितला आणि कोलेस्टेरॉल खरंच उतरलं. एका तरुण बाईने जुना ग्रंथ हातात घेऊन त्यातली गोष्ट प्रयोगशाळेत तपासली, मला याचं फार कौतुक वाटतं, आणि पुढे त्याच आयसीएमआरच्या, म्हणजे देशातलं वैद्यकीय संशोधन बघणाऱ्या सरकारी परिषदेच्या, महासंचालक झाल्या. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध-संशोधन संस्थेने त्या डिंकाचा अर्क तयार केला, गुगुलिपिड नावाने तो 80 च्या दशकात औषध म्हणून बाजारात आला.

मग 1994 ला 61 जणांवरची एक चाचणी छापून आली. 24 आठवड्यांत एलडीएल साधारण 12 टक्के खाली. पण ही सगळी माणसं त्याच काळात फळं-भाज्या भरपूर असलेला आहार घेत होती हे लक्षात ठेवा. कारण 2003 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी नेहमीचं अमेरिकन जेवण जेवणाऱ्या 103 जणांवर आठ आठवडे तोच अर्क तपासला आणि उलटंच झालं, गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल चार-पाच टक्क्यांनी वाढलं आणि ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांचं पाच टक्क्यांनी उतरलं. काहींच्या अंगावर पुरळ पण उठली.

आणि एक गोष्ट आपल्या परळची. केईएम हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी 1994 लाच दाखवलं की गुगुलिपिड सोबत घेतलं तर डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे बीपीची आणि हृदयाची औषधं, रक्तात कमी पोचतात. आता बघा, शुगरवाल्या घरात बीपीची गोळी बहुतेक असतेच, म्हणजे अर्क पोटात गेला की तो एकटा नसतो, आधीच्या गोळ्यांशी त्याची गाठ पडते, आणि आपण डॉक्टरांना सांगतच नाही कारण आपल्या लेखी ते 'औषध' नसतं, झाडपाला असतो.

झाडपाल्यातून औषध येतच नाही असं मात्र मी म्हणत नाहीये. आई रोज दोनदा घेते ती शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, मुळात युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपावरून आलीय. त्या झुडपातला घटक शुगर उतरवायचा पण अंगाला सोसायचा नाही, म्हणून त्याच्यासारखं दुसरं रसायन बनवलं गेलं आणि 1957 मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ते मधुमेही लोकांना देऊन बघितलं. झाडापासून गोळीपर्यंतचा हा रस्ता कुणीतरी मोजत मोजत चालत आलंय.

मेथीचं सुद्धा मोजमाप झालंय, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, 1990 च्या सुमाराला. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांना तेल काढलेली मेथी पूड रोज 100 ग्रॅम, दोन्ही जेवणांत वाटून, चक्क पोळीत घालून दिली. दहा दिवसांत उपाशीपोटीची शुगर उतरली, लघवीतली साखर निम्म्याहून कमी झाली, एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, पण खाली आले. पण 100 ग्रॅम म्हणजे किती? आपण रात्री चमचाभर भिजवतो ते चार-पाच ग्रॅम असेल, आणि बऱ्याच घरांत नुसतं पाणी पिऊन दाणे टाकून देतात. मेथी भिजली की बुळबुळीत होते ना, तो चिकट तंतुमय भागच पोटात अन्न हळू पुढे सरकवतो, म्हणून जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. दाणे टाकले की तो बराचसा गेलाच.

आता तेल. सगळे विचारतात कुठलं तेल चांगलं, पण खरं विचारायचं असतं ते कशाच्या जागी. खोबरेलातली साधारण 90 टक्के चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी सॅच्युरेटेड, पाम तेलातली जवळपास निम्मी, शेंगदाणा तेलात पाचवा हिस्सा, आणि सोलापूर-मराठवाड्याच्या करडईच्या तेलात 10 टक्क्यांच्या आसपास. संपृक्त कमी करून तिथे करडई, शेंगदाणा, जवसाची चटणी असं काही आलं तर एलडीएल उतरतं. पण तूप बंद केलं आणि ती भूक टोस्ट-बिस्किटं आणि जास्तीच्या भाताने भागवली तर ट्रायग्लिसराइड चढतात आणि शुगरही बिघडते, हे आमच्याच घरी झालंय. कॅलरी तर कुठल्याही तेला-तुपात ग्रॅमला नऊच, त्यामुळे करडईचं आहे म्हणून हात सैल सोडायचा नाही. वनस्पती तूप तेवढं पूर्ण बंद करा, त्यातली ट्रान्स चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं घटवते, सरकारने जानेवारी 2022 पासून तेल-तुपात तिची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली ती उगाच नाही.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आईने ती पांढरी डबी स्वतः पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. त्यांनी मागचं लेबल वाचलं, बीपीच्या गोळ्या बघितल्या आणि डबीतल्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. कोलेस्टेरॉलची गोळी परत सुरू झाली. मेथीला ते हो म्हणाले, फक्त शुगर जास्त उतरत नाही ना ते घरच्या मशीनवर बघत राहा म्हणाले. आता ती थालीपिठाच्या भाजणीत मेथी वाढवून घालते, थोडं कडू लागतं, दह्याबरोबर जातं. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे.